केअरलेस छायाबाई

माझं मेडिकल मोताळ्यात, बाजाराच्या रस्त्यावर. स्वभावाने मी खेकसणारा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला धक्का बसायला नको. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागायला आलेल्याला मी पायरीवरूनच परत पाठवतो. ‘खोकल्यावर काहीतरी द्या ना नारायणभाऊ’ म्हणणाऱ्याला आधी झापतो, मग औषध देतो. शिकायला म्हणून काही वर्षं अमरावतीत काढली, रोज पेपर वाचतो, त्यामुळे लिहिताना मला ‘मला-तुला’ जमतं. बोलताना मात्र आम्ही सगळे ‘मले-तुले’वालेच. ही गोष्ट त्या एका ‘ले’ची आहे, आणि छायाबाईची.

छायाबाई माझ्या दुकानासमोरच्या घरात राहायची. घर तिचं नव्हतं, अन्नपूर्णाबाईंचं होतं. अन्नपूर्णाबाईंचे यजमान उत्तमराव जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा गोविंदा पुण्यात कंपनीत. बाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि बोलणं असं तुटलं की दिवसभरात चार शब्द निघाले तरी पुष्कळ. तेव्हा गोविंदाने कोणाकोणाला विचारून छायाबाईला आणून ठेवलं. तिचं वय पन्नाशीचं. लग्न झालेलं, मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी आणली. तेव्हापासून ती भावाच्या घरी राबत होती. भावजय वाईट नव्हती, पण घरी पाहुणे आले की ‘हे आमच्याकडंच असते’ एवढंच सांगून पाण्याचा तांब्या पुढे करायची.

हे मला छायाबाईनेच सांगितलं, बीपीच्या गोळ्या घ्यायला आली होती तेव्हा. वर हसून म्हणाली, “भाऊ, ढोरालेबी नाव असते. कोणी चांदी, कोणी कपिला. मी नुस्ती असते.”

मी म्हटलं, “गोळ्या घे अन् निघ. गिऱ्हाइकं उभी आहेत.” माझ्या तोंडी दुसरं काय येणार!

‘केअर’ हा शब्द तिला साथीच्या वर्षी मिळाला. तालुक्यात एका वसतिगृहात कोविड केअर सेंटर उघडलं होतं, तिथे जेवणाचे डबे वाटायला माणूस मिळत नव्हतं. सगळे जिवाला भ्यायलेले. ही गेली. भावाच्या घरातून पहिल्यांदा स्वतःच्या पायाने कुठे गेली असेल तर तिथे. लोक विचारायचे, “तू इथं कायले आली वं?” ही सांगायची, “केअरले.” केअरले, म्हणजे केअरसाठी. जसं कोणी शेतात निंदाले जाते, कोणी कापूस येचाले जाते, तशी ही केअरले गेली. सेंटर बंद झालं तेव्हा बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ही एकटी रडत परत आली, असं तिचा भाऊच सांगतो.

आता खरं बोलायला कोणाच्या बापाची भीती? छायाबाई कामात ढिसाळ होती. दूध गॅसवर ठेवायचं आणि दारात येऊन बांगड्यावालीशी बोलत बसायचं. दार उघडं टाकायचं. एकदा बकरी आत शिरली आणि अन्नपूर्णाबाईंच्या लुगड्याचा पदर चावून गेली. सकाळची गोळी संध्याकाळी आणि संध्याकाळची बहुतेक सकाळी. किती वेळा तिला मी दुकानातून ओरडलो असेन, “अवं, गोळी देल्ली काय?” की ती कपाळावर हात मारून आत पळायची. बाजाराच्या दिवशी तिचा पाय घरात ठरत नसे. अशाच एका बाजारी ती बाईंसाठी चोरून भजे आणायला गेली आणि इकडे बाई खाटेवरून खाली आल्या. हाड मोडलं नाही, नशीब. कपाळाला टेंगूळ आलं. छायाबाई टेंगळाला हळद लावत होती, रडत होती, आणि अन्नपूर्णाबाई डाव्या हाताने भजे खात होत्या. मी स्वतः पाहिलं.

एका गोष्टीत मात्र ती कधी चुकली नाही. हाकेला ओ द्यायची. बाईंच्या तोंडून नीट शब्द निघत नसे, नुसता ‘आं’ असा आवाज यायचा. पण तो आला की छायाबाई असेल तिथून, मोरीतून, गच्चीवरून, ओरडायची, “ओ माय! इथंच आहो! दूध पाहून राह्यली!” दूध ती पाहत नसायचीच. पण ते ऐकलं की बाई गप पडून राहायच्या. दुकान बंद असलेल्या दुपारी रस्ता सुनसान असायचा, तेव्हा ते ‘ओ माय’ माझ्या मागच्या खोलीपर्यंत यायचं. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. खोटं कशाला बोलू, मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

बाई पडल्या म्हणून गोविंदाने खोलीत कॅमेरा बसवला. पुण्यात बसून मोबाइलवर सगळं दिसायचं, आणि त्यातून बोलताही यायचं. छायाबाईने त्या कॅमेऱ्याचा जो मान ठेवला, तो बघायला पाहिजे होता. घरधन्याचा डोळा तो! त्याच्यासमोरून जाताना डोक्यावर पदर घ्यायची. झाडताना त्याच्याकडे पाठ होऊ द्यायची नाही. सकाळी उठून त्याला “चहा झाला काय भाऊ?” विचारायची. गोविंदा बिचारा तेव्हा ऑफिसच्या गाडीत असायचा, कोण उत्तर देणार?

आणि मग एक दिवस दूध पुन्हा उतू गेलं. गॅस विझला, धूर झाला, ही दारात. कॅमेऱ्यातून गोविंदा ओरडला, “छायाबाई! गॅस! गॅस बंद करा!” ही धावली. आणि तिकडे त्याची बायको दीपमाला शेजारी उभी असणार, तिला तो इंग्रजीत म्हणाला, “शी इज सो केअरलेस!” कॅमेरा सुरूच होता.

थोड्या वेळाने छायाबाई माझ्या दुकानात आली. चेहरा असा, जणू लॉटरी लागली.

“भाऊ, गोविंदाभाऊनं मले नाव देल्लं.”

“कोणतं नाव?”

“केअरलेस.”

माझ्या हातात खोकल्याची बाटली होती, ती खाली ठेवली. “काय म्हणाला तो?”

“केअरलेस. दीपमालाबाईले सांगत होते, इंग्रजीत. हे केअरलेस हाये म्हून.”

“अन् तुले काय वाटलं? काय अर्थ त्याचा?”

“त्याच्यात काय एवढं? केअरले जे असते ते. अन् मांगून स लावला, नर्सले असते तसा. नर्स शिकेल असते, दवाखान्यातली. अन् घरची जे असते ते केअरलेस.” मग माझं तोंड बघून तिला वाटलं असावं की मला पटलं नाही. म्हणाली, “भांडेवाला नाई सांगत काय, हा डब्बा स्टेनलेस हाये, पक्का हाये, गंजत नाई? तसंच हे.”

मी म्हटलं, “तो रागावून बोलला असंल.”

“बाप्पा! तुमी त औषध देता देता बी खेकसता,” ती म्हणाली आणि खदखदून हसली.

आता सांगा, काय बोलायचं यावर? इंग्रजीची ही एक खोड आहे, तिच्यावर माझा राग आहे. आपल्या भाषेत वाईट सांगायचं असलं तर आधीच इशारा मिळतो. बिनडोक, बिनकामाचा, निष्काळजी. पहिल्या अक्षरालाच माणूस सावध होतो की आता शिवी येतेय. इंग्रजीत आधी ‘केअर’ येतं, ऐकणारा खूश होतो, आणि नकार मागून शेपटीसारखा लागतो. त्यात आमच्या वऱ्हाडी कानाला तो ‘ले’ ऐकू आला की विषयच संपला, कारण आमच्यासाठी ‘ले’ म्हणजे काही देणं. मायले चहा, पोराले डब्बा, केअरले छाया.

बरं, गोविंदाचा शब्द चुकीचाही नव्हता. तीच तर गोची होती. शब्दकोश उघडून छायाबाईसमोर धरला असता तर तो तिला चपखल बसला असता. दूध, बकरी, गोळ्या, भजे, सगळं त्या एका शब्दात मावलं असतं.

मी काही सांगितलं नाही. आणि तिने ते नाव जे धरलं ते धरलं. आधार केंद्रावर, गिरणीवर, भाजीवालीला, सगळ्यांना सांगायची, “मी अन्नपूर्णाबाईची केअरलेस आहो.” दोन-चार जणांनी दात काढले. माझ्या दुकानासमोर एका मास्तराने काढले, त्याला मी असं फैलावर घेतलं की त्याने मेडिकल बदललं. गेला खड्ड्यात. पोट्टे तिला ‘केअरलेस मावशी’ म्हणू लागले आणि ती त्यांच्या हातावर शेंगदाणे ठेवायची.

आणि सर्वांत आधी तो शब्द शिकल्या अन्नपूर्णाबाई. त्यांच्या तुटलेल्या जिभेवर ‘छाया’ कधीच आलं नाही, ‘छ’लाच अडकायचं. पण छायाबाई त्यांना भरवताना रोज घोकायची, “माय, मी कोण आहो? म्हना, केअरलेस. म्हना बरं.” एक दिवस दुपारी समोरून मला हाक ऐकू आली. घोगरी, लांबवलेली, पण स्वच्छ. “केअर...लेस!” आणि लगेच गच्चीवरून उत्तर, “ओ माय! दूध पाहून राह्यली!” मग छायाबाई रस्त्यावर पळत आली, “भाऊ, आयकलं काय? मायनं मले नावानं हाक मारली!” रस्त्यात उभी राहून ती डोळे पुसत होती. मी शटर अर्धं ओढून आत गेलो. अशा वेळी माणसाने काय करायचं असतं ते मला कधीच कळलेलं नाही.

गोविंदा आणि दीपमाला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आले. मला चहाला बोलावलं. मी गेलो तेव्हा वातावरण गरम होतं. अन्नपूर्णाबाई झोपलेल्या. छायाबाई दाराशी, डोक्यावर पदर घेऊन उभी.

गोविंदाने सरळ विचारलं, “आई पडली त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?”

“बाजारात, भाऊ. भजे आनाले गेलती.”

“भजी?” दीपमाला म्हणाली. “बीपीच्या पेशंटला भजी?”

“मायले आवडते ना.”

गोविंदा माणूस वाईट नाही. आईच्या काळजीने त्याचा जीव वरखाली होत होता, मला दिसत होतं. कॅमेऱ्यात दिवसरात्र आईला बघायचं आणि काहीच करता यायचं नाही, त्या माणसाची झोप कशी लागत असेल? तो आवाज चढवून म्हणाला, “छायाबाई, तुम्हाला कळतंय का, तुम्ही किती केअरलेस आहात?”

आणि छायाबाईचा चेहरा उजळला. खरंच उजळला. म्हणाली, “हो ना भाऊ! केअरलेसच आहो मी. साऱ्या मोताळ्याले मालूम हाये. अन् मायचे डोये मिटेपर्यंत केअरलेसच राहीन, तुमी कायजी नका करू.”

दीपमालाने नवऱ्याकडे पाहिलं. “बघितलंस? वर तोंड करून सांगतायत.”

मी उठलो. “गोविंदा, जरा बाहेर ये. तिले तो शब्द...”

“काका, तुम्ही ऐकलंत ना स्वतःच्या कानांनी? आता तरी बाजू घेऊ नका तिची.”

बस, माझा पारा चढला. “बाजू घेऊ नको? अरे, तुझ्या आईचं हगणं-मुतणं इतकी वर्षं कोणी काढलं बे? तुझ्या कॅमेऱ्यानं?” असं बरंच काही बोललो. तोही बोलला. आवाजाने बाई जाग्या झाल्या आणि ‘आं, आं’ करू लागल्या, छायाबाई तिकडे धावली. मी तिरमिरीत घरी निघून आलो. सांगायचं होतं ते भांडणात राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी गाडी आली आणि अन्नपूर्णाबाईंना पुण्याला घेऊन गेली. छायाबाईने त्यांची उशी आत ठेवली, पांघरूण खोचलं, आणि गाडीत बसायला म्हणून स्वतःची पिशवी उचलली. तिला वाटलं होतं की तीही चालली. कोणी तिला वेगळं सांगितलंच नव्हतं. दीपमालाने हळूच तिच्या हातातून पिशवी घेतली आणि ओट्यावर ठेवली. गाडी राजूर घाटाकडे लागली. तिच्या काचा बंद होत्या, त्यामुळे आत कोणी हाक मारली असेल तर ती बाहेर आली नाही.

घराला कुलूप लागलं. छायाबाई संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होती. मी म्हटलं, “आता जाय वं बाई, भावाच्या गावची जीप निघून जाईन.” ती उठली, आणि कुलपासमोरून जाताना तिने डोक्यावर पदर घेतला. आत कॅमेरा होता ना. त्याची वीज बंद झाली होती, पण तिला कुठे माहीत? मी तिला सांगितलं नाही. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांवरही खेकसलो नाही, आणि लोकांनी विचारलं की तब्येत बरी आहे ना.

ती भावाकडे गेली, पुन्हा ‘नुस्ती असाले’. बाजाराच्या दिवशी भावाच्या शेतातली वांगी-मिरच्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसायची. माझ्या दुकानापासून लांब, पार टोकाला. मला वाटलं, जागा मिळाली नसेल. दिवाळीनंतर एकदा मीच तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“काय वं केअरलेस, ओळख विसरली काय?”

तिने वर पाहिलं नाही. वांगी पुसत म्हणाली, “तसं नका म्हनू भाऊ. राखीनं सांगितलं मले.” राखी म्हणजे तिच्या भावाची मुलगी, दहावीची. “तिच्या पुस्तकात हाये तो शब्द. वंगाळ हाये.” मग दुसरं वांगं उचलत, “तुमाले मालूम होतं?”

“होतं.”

“मंग काऊन नाई सांगितलं?”

“तू हसत होती म्हणून,” मी म्हटलं. दुसरं कारण माझ्याकडे नव्हतं.

“मी साऱ्या गावाले सांगत फिरली,” ती म्हणाली. “मायले बी तेच शिकवलं मी. माय मले आवाज देत नव्हती भाऊ, नावं ठेवत होती.” आणि कोणी गिऱ्हाईक आलं, तर त्याला वांगी तोलून देऊ लागली. मी उभाच. तिथे बाजार एवढा गजबजलेला, पण ती बाई त्यात अशी बसली होती की तिच्या आजूबाजूला कोणीच नाही.

त्यानंतर काही दिवसांनी गोविंदाचा फोन आला. भांडणानंतर पहिल्यांदाच. आवाज थकलेला.

“काका, राग सोडा. एक विचारायचं होतं. आईला इंग्रजी कुठून यायला लागलं?”

“म्हणजे?”

“एजन्सीची नर्स ठेवलीय. शिकलेली, अगदी टापटीप. पण आई दिवसभर तिला केअरलेस, केअरलेस म्हणून ओरडते. पहिली सोडून गेली, दुसरीही गेली. ही तिसरी रडते. मी म्हणतो, यांचं काय चुकतं? सगळं तर वेळेवर करतात. आणि आई जेवत नाही काका. दाराकडे बघते आणि केअरलेस म्हणते.”

मी काउंटरवर हात टेकले. समोर गिऱ्हाईक होतं, त्याला हाताने थांबवलं.

“गोविंदा,” मी म्हटलं, “ती नर्सले बोलत नाही रे. ती हाक मारते.”

“कोणाला?”

मग त्याला सगळं सांगितलं. दूध, कॅमेरा, ‘ले’, ‘स’, स्टेनलेसचा डबा. एकदाही न खेकसता.

“मग छायाबाईले पाठवा म्हण,” मी म्हटलं. “गाडीत बसवून देतो.”

“काका, इथे दोन खोल्या आहेत. मुलगी बारावीला आहे. आणि एजन्सीशी...” तो अडखळला. “नाही जमणार हो. खरंच नाही जमणार. आणि आई किती दिवस आहे तेही डॉक्टर सांगत नाहीत.”

माझ्या तोंडावर बरंच काही आलं होतं. गिळलं. एवढंच म्हटलं, “मग निदान हाकेले ओ तरी देऊ दे तिले.”

पुढच्या बाजारी छायाबाईला मी दुकानात आणलं. आणलं म्हणजे तिची टोपली उचलून चालू लागलो, मग ती मागे येणारच. तिला आतल्या स्टुलावर बसवलं आणि पुण्याला फोन लावतो म्हणालो. ती म्हणाली, “मी नाई बोलत भाऊ. त्यायनं मले कायच नाई मानलं.” मी गोविंदाला फोन लावला, त्याने तिकडे मोबाइल बाईंच्या उशाशी ठेवला. मी आवाज मोठा केला आणि फोन काउंटरवर ठेवून दिला.

आधी नुसती घरघर आली. पंख्याची असेल. मग नर्सचा आवाज, “आजी, दोन घास खा ना.” मग काही नाही. छायाबाई जमिनीकडे बघत होती.

आणि मग ती हाक आली. घोगरी, पहिल्यापेक्षा पुष्कळ बारीक झालेली. “केअर...लेस.”

छायाबाई हलली नाही.

“केअर...लेस.” थोडं थांबून, रडवेली, जशी हरवलेलं मूल मारतं तशी, “केअर...लेस.”

ऐका म्हणावं शब्दकोशवाल्यांना, असं माझ्या मनात आलं. त्या हाकेत निष्काळजी कुठे होतं, दाखवा मला कोणीतरी. छायाबाईचा हात आपोआप पदराकडे गेला. पदर डोक्यावर आला. आणि ती ओरडली. हळू नाही, गच्चीवरून ओरडायची तशी, पार बाजारात ऐकू जाईल अशी.

“ओ माय! इथंच आहो! दूध पाहून राह्यली!”

तिकडे सगळं शांत झालं. मग नर्स कोणाला तरी म्हणाली, “सर, बघा, खातायत.”

आता हे रोजचं झालंय. छायाबाई भावाच्या गावाहून सकाळच्या जीपने येते. भावजय विचारते, कुठं चालली? ती सांगते, केअरले. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसते, फोन पुढ्यात, डोक्यावर पदर. गोविंदा जेवणाच्या वेळी फोन लावून उशाशी ठेवतो. अन्नपूर्णाबाईंना वाटतं की ती आतल्या खोलीत आहे, स्वयंपाकघरात. पुण्याच्या त्या घरात ती कधी गेली नाही आणि आता जाणारही नाही. जेवण झालं की फोन बंद होतो. तरी ती जरा वेळ तशीच बसते. मग जीप पकडायला उठते.

काल बाईंचा आवाज फारच खोल गेलेला होता. हाक मारली, छायाबाईने ओ दिली, पण त्या गप्प झाल्या नाहीत. काहीतरी जुळवत होत्या. आम्ही दोघं फोनवर वाकलो. दुकानात आलेलं गिऱ्हाईकही थांबलं.

“दू...ध,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “उतू?”

छायाबाईने डोळे पुसले, आवाज नेहमीसारखा केला.

“नाई माय,” ती म्हणाली. “नाई जाऊ देत. जवळच उभी आहो.”